केबल बदलली तरी हमिंग परत येतं? सोलापुरातला उन्हाळा, घरचा स्टिरिओ आणि बॅलन्स्ड केबल

तक्रार साधारण अशी असते. थंडीत सिस्टीम शांत असते. मार्च लागतो, खिडक्यांत कूलर चढतात आणि स्पीकरमधून बारीक ‘ऊंऽऽ’ सुरू होतं. दुकानदार म्हणतो, केबल हलकी आहे, भारी घ्या. भारी केबल लावली की हमिंग जातं, निदान कमी तरी होतं. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा हजर. मग कोणीतरी सांगतं की स्टुडिओत बॅलन्स्ड केबल (सिग्नलच्या दोन तारा आणि वर जाळी असलेल्या) वापरतात, त्याच घे. त्या घेतल्यावरही काही घरांत आवाज साफ जातो आणि काही घरांत जागचा हलत नाही.

यातली एक गंमत आधी सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. केबल बदलताना आपण जुनी पिन ओढून काढतो आणि नवी घट्ट बसवतो. महिनोन्‌महिने जागच्या जागी बसलेल्या आरसीए सॉकेटवर (अँपच्या मागच्या लाल-पांढऱ्या गोल सॉकेटवर) धुळीचा आणि ऑक्साइडचा थर चढलेला असतो. नवी पिन फिरवून बसवली की तो घासून निघतो, बाहेरच्या कड्याचा संपर्क सुधारतो आणि हमिंग खाली येतं. श्रेय मिळतं नव्या केबलला. खात्री करायची तर पुढच्या वेळी जुनीच केबल काढा, पिना आणि सॉकेट कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि तीच केबल परत लावा. तेवढाच फरक पडला तर केबलमध्ये दोष नाही, रोग दुसरीकडे आहे.

आधी नीट ऐका

‘हमिंग येतंय’ एवढं सांगून भागत नाही. आवाजाची जात ओळखली की निम्मं काम होतं.

खोल, गोल ‘ऊंऽऽ’ म्हणजे ५० हर्ट्झ, आपल्या विजेचीच वारंवारता. हा बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा (जमिनीला जायचे दोन रस्ते एकमेकांना जोडले गेल्याचा), नाहीतर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा असतो. ‘झर्रर्र’ असा दातेरी आवाज पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किंवा लाइटच्या डिमरचा. ट्रायॅकवाला रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापतो, त्याची ही झरझर. पंखा फुल्लवर नेला की ती जवळजवळ नाहीशी होते आणि दोन-तीन नंबरवर आणला की परत येते. असं झालं तर रेग्युलेटर बदलून कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवा, केबलला हात लावू नका. माउस हलवला की ‘चिर्र-चिर्र’ होत असेल तर तो कॉम्प्युटरचा कचरा आहे, यूएसबीच्या ग्राउंडवरून डॅकमध्ये (डिजिटल गाण्याचा अँपला लागणारा सिग्नल करणाऱ्या डब्यात) उतरलेला. आणि सतत ‘श्श्श’ येत असेल तर तो अँपच्या आतला नॉइज आहे, गेन नको तितका जास्त आहे. त्यावर कुठलीही केबल उपाय नाही.

एकदा स्पीकरपासून उठून अँपच्या डब्यालाही कान लावा. कधीकधी आवाज स्पीकरमधून येतच नसतो, अँपमधला ट्रान्सफॉर्मरच घुमत असतो. तो यांत्रिक आवाज असतो, त्याचा सिग्नलच्या वायरींशी संबंध नाही.

नंतर व्हॉल्यूम फिरवून बघा. व्हॉल्यूमबरोबर हमिंग वाढत-कमी होत असेल तर ते व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यातून, म्हणजे सोर्स किंवा इनपुटच्या केबलमधून येतंय. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढंच राहत असेल तर पॉवर अँपमध्ये (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात) किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये बघायचं.

मग अँप बंद करून मागच्या सगळ्या इनपुट केबल काढा, चालू करून ऐका, आणि एकेक जोडत जा. प्रत्येक वेळी अँप बंद करूनच. आरसीए पिनची मधली सुई बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते, त्यामुळे चालू अँपमध्ये ती खुपसली की स्पीकरमधून जोराचा ‘भर्रर्र’ निघतो आणि ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) गेला तर गेला.

कूलरचा इथे काय संबंध?

जुळे सोलापुरातल्या एका काकांचं उदाहरण देतो. रात्री जेवण झालं की तास-दोन तास शास्त्रीय ऐकायचं, हा त्यांचा नेम. इंटिग्रेटेड अँप चांगला, डॅक चांगला, आणि या दोन्हींच्या मध्ये नुकतीच घेतलेली भारीतली एक्सएलआर (तीन पिनांची बॅलन्स्ड) केबल. तरी तानपुऱ्याच्या खाली ‘ऊंऽऽ’ होतंच.

“काका, मागे सेट टॉप बॉक्सची वायर पण लावलीय का?”

“लावलीय की. क्रिकेटच्या टायमाला लागते. पण टीव्ही बंद असतो ओ तेव्हा. बॉक्स पण बंद!”

“बॉक्स बंद असू दे. मागची डिशची नाहीतर केबलची जाड वायर सोडवा बरं एकदा.”

केबलवाल्याची कोअ‍ॅक्स वायर बॉक्सच्या मागून सोडवली आणि हमिंग बंद झालं. परत जोडली, परत आलं. सिलेक्टर डॅकवर होता, टीव्हीचा इनपुट निवडलेलासुद्धा नव्हता. सिलेक्टर फक्त सिग्नल बदलतो, शिल्ड, म्हणजे केबलची बाहेरची जाळी, सगळ्या इनपुटची एकत्रच असते, हे लक्षात घेतलं की यात नवल उरत नाही.

आता उन्हाळ्याचा संबंध. केबलवाल्याच्या कोअ‍ॅक्सचं बाहेरचं जाळीदार वेष्टन गल्लीतल्या अँप्लिफायरपाशी, खांबापाशी कुठेतरी जमिनीला टेकलेलं असतं. तुमच्या अँपची तीन पिनांची वायर घरच्या अर्थिंगला टेकलेली असते. म्हणजे जमिनीला जायचे दोन रस्ते झाले, आणि त्या दोघांना जोडणारा पूल म्हणजे सेट टॉप बॉक्स ते अँप अशी तुमची आरसीए केबल.

कूलरचा पंप पाण्यात बुडालेला. बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षार चढतात, सील कमजोर होतं आणि थोडा करंट अर्थिंगमध्ये गळायला लागतो. एरवी तो घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून मुकाट जमिनीत जातो. पण एप्रिलमध्ये आपल्याकडची काळी माती तडकलेली असते, खालचा मुरूम कोरडा ठणठणीत, खड्ड्याला कोणी वर्षभर पाणी दाखवलेलं नसतं. तिकडचा रोध वाढला की गळणारा करंट दुसरा सोपा रस्ता धरतो: अँपच्या बॉडीतून, आरसीएच्या शिल्डवरून, बॉक्समधून, कोअ‍ॅक्सने बाहेर.

हिशेब करून बघा. समजा शिल्डवरून १० मिलिअँपिअर गेले आणि शिल्ड व दोन्ही टोकांच्या पिना मिळून रोध ०.१ ओहम आहे. दहा गुणिले ०.१ म्हणजे १ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर पूर्ण ताकदीने २ व्होल्ट देतो, त्यापुढे हे काहीच नाही. पण आलापाच्या सुरुवातीला सिग्नल वीस-पंचवीस मिलिव्होल्टवर आलेला असतो आणि तिथे हा १ मिलिव्होल्ट सरळ ऐकू येतो. पिना पुसल्यावर रोध निम्मा झाला की हमिंगही निम्मं. वर सांगितलेल्या नव्या केबलच्या ‘गुणा’चं गणित हेच.

तपासायला सोपं आहे. कूलरचा पंखा चालू ठेवा आणि फक्त पंपाचं बटण बंद करा. ‘ऊं’ खाली आलं तर पंप गळतोय. तो बदला, आणि स्टिरिओसाठी नव्हे, घरातल्या माणसांसाठी बदला. ओल्या हाताने पत्र्याच्या कूलरला कोणी टेकलं तर काय होतं हे दर उन्हाळ्यात पेपरात वाचतोच आपण. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या. मात्र तो आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दहा-बारा मिलिअँपिअरच्या गळतीला तो पडत नाही. म्हणूनच अशी गळती आधी स्पीकरला कळते.

अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे सांगताना जीभ अडखळते, पण आरओचं वाया जाणारं पाणी त्यासाठी उत्तम. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर वायरमनकडून एकदा बघून घ्या. नाहीतर मल्टिमीटरने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक, दहा-वीस दिसले तर स्टिरिओचं नंतर, आधी वायरिंग.

आणि ते सेट टॉप बॉक्सचं? तीन रस्ते आहेत. कोअ‍ॅक्समध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं छोटं नळकांडं लावायचं. डिशच्या वायरीवर मात्र ते घेताना जपून, कारण त्याच वायरीतून वर एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या डबीला) वीज जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो. दुसरा रस्ता म्हणजे टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून डॅकला जायचं. ऑप्टिकलमध्ये तांबंच नसतं, प्रकाश जातो, लूप व्हायला जागाच नाही. काकांकडे हेच केलं. तिसरा रस्ता ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तो चांगला असेल तर उत्तम, पण गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारे स्वस्त ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ खालचा सूर खातात. पखवाजाची थाप पोकळ वाटायला लागते.

एक उपाय मात्र करायचा नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितला तरी: अँपच्या प्लगची अर्थची पिन तोडणे, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये घालणे. हमिंग जातं, अगदी लगेच जातं. पण उद्या आतला ट्रान्सफॉर्मर जळून बॉडीवर २३० व्होल्ट आले तर फ्यूज उडायला रस्ताच उरत नाही. तो करंट मग ज्याचा हात अँपला लागेल त्याच्यातून जातो.

लॅपटॉपवरून ऐकणाऱ्यांसाठी एक छोटी चाचणी: चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेचा आहे. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात ना, तोच बारीक गळता करंट ऑडिओ केबलच्या शिल्डवरूनही जातो.

बॅलन्स्ड नक्की काय करते

आरसीएमध्ये दोनच वाटा असतात. मधल्या तारेवर सिग्नल, आणि बाहेरच्या जाळीवर सिग्नलचा परतीचा प्रवास अधिक सगळी घाण. वर मोजलेला तो १ मिलिव्होल्ट जाळीवर तयार झाला की सिग्नलमध्ये मिसळलाच.

बॅलन्स्डमध्ये तीन वाटा: पिन १ शिल्ड, पिन २ आणि पिन ३ सिग्नलच्या दोन तारा. पुढचं यंत्र फक्त २ आणि ३ मधला फरक वाचतं. अक्कलकोटच्या एसटीत शेजारी बसलेल्या दोघांना खड्ड्यात सारखाच दणका बसतो, दोघांच्या उंचीतला फरक काही बदलत नाही, हे तसंच. बाहेरचा आवाज दोन्ही तारांवर सारखा चढला की वजाबाकीत उडून जातो. ग्राउंडमधला करंट जातो पिन १ वरून, तिकडे कोणी सिग्नल म्हणून बघतच नाही.

युक्ती जुनी आहे. ग्रॅहॅम बेल यांनी पिळलेल्या दुहेरी तारेचं पेटंट १८८१ साली घेतलं, टेलिफोनच्या तारांमधली खरखर घालवण्यासाठी.

पुष्कळांना वाटतं की पिन ३ वर सिग्नलची उलटी प्रत असते म्हणून आवाज कापला जातो. तसं असतं बहुधा, पण ते कारण नव्हे. खरी अट ही की दोन्ही तारांचा ग्राउंडकडचा रोध सारखा हवा, तरच दोघींवर घाण सारखी चढते. काही चांगल्या यंत्रांच्या पिन ३ वर सिग्नल अजिबात नसतो, फक्त पिन २ एवढाच रोध लावून ठेवलेला असतो, आणि ती हमिंग तितकंच कापतात. त्यामुळे बॅलन्स्डचा फायदा केबलमध्ये नाही, दोन्ही टोकांच्या यंत्रांत आहे. निदान घेणाऱ्या बाजूला खरं बॅलन्स्ड सर्किट नसेल तर सोन्याची एक्सएलआरही आरसीएच आहे.

‘खरं’ म्हणायचं कारण, काही अँपच्या मागे एक्सएलआरचं सॉकेट असतं पण आत ते आरसीएलाच जोडलेलं असतं. ओळखायचं कसं? अँपची वीज काढा, सगळ्या केबल सोडवा, मल्टिमीटर घ्या. इनपुटच्या एक्सएलआर सॉकेटमध्ये पिन ३ आणि पिन १ यांच्यात कंटिन्युइटीचा बीप वाजला तर ते सॉकेट दिखाऊ आहे. नसेल वाजत तर रोध मोजा: २ ते १ आणि ३ ते १ हे दोन आकडे जवळजवळ सारखे, बहुतेकदा काही हजार ओहमच्या घरात आले की समजायचं, सर्किट प्रामाणिक आहे. ट्रान्सफॉर्मर इनपुट असेल तर तिथे काहीच जोडलेलं दिसणार नाही, तेही ठीक.

दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. बऱ्याच डॅकमध्ये आरसीएवर २ व्होल्ट आणि एक्सएलआरवर ४ व्होल्ट येतात. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल जास्त. एक्सएलआर लावल्याबरोबर गाणं ‘उघडल्यासारखं’ वाटतं ते त्यामुळे. व्हॉल्यूम तेवढा खाली घेऊन तुलना करा, मग ठरवा.

घरच्या सिस्टीमला बॅलन्स्ड घ्यायची का, यावर माझं मत सरळ आहे. डॅकपासून अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरपर्यंत (आतच अँप असलेल्या स्पीकरपर्यंत) पाच-सात मीटर वायर भिंतीच्या कडेने जाणार असेल, किंवा प्रीअँप (इनपुट आणि व्हॉल्यूम सांभाळणारा डबा) एका बोर्डावर आणि पॉवर अँप दुसऱ्या बोर्डावर असेल, तर जरूर घ्या. दोन्ही डबे एकाच रॅकमध्ये, हातभर अंतरावर, एकाच एक्स्टेंशनवर असतील आणि शांत असतील, तर साधी आरसीए पुरे.

कोणती केबल मागायची

इथे दुकानातल्या गप्पांपेक्षा साउंडवाल्याचं शहाणपण जास्त कामाचं. सिद्धेश्वरांच्या यात्रेपासून गणपतीपर्यंत ज्यांच्या केबल रस्त्यावर, चिखलात, ट्रॉलीच्या चाकाखाली जातात, ते मीटरवर मिळणारी माइक केबल घेतात आणि पिना स्वतः सोल्डर करतात. घरासाठी तीच पद्धत सगळ्यात स्वस्त आणि पक्की.

केबल घेताना तिचा एक इंच तुकडा सोलून बघा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. आत दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या हव्यात. सरळ, समांतर नकोत. पीळ हाच चुंबकीय हमिंगवरचा इलाज आहे. तांब्याची जाळी ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, ती विद्युत क्षेत्र आणि रेडिओ अडवते. जाळी बोटाने मागे सारली की खालची तार सहज उघडी पडत असेल, केसांसारखे चार धागे लांब लांब अंतरावर गुंडाळलेले असतील, तर ती ठेवा तिथेच. दाट विणलेली जाळी उत्तम. फॉइलवाली पूर्ण झाकते पण वाकवून वाकवून फाटते, म्हणून एकदा भिंतीत बसवून विसरायच्या कामालाच बरी. मग एका तारेचं टोक चाकूने खरवडा. आतून पांढरं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असायची शक्यता. त्यावर सोल्डर धड बसत नाही आणि महिन्याभरात पिनच्या मुळाशी तुटतं.

जाडीला भुलू नका. बरीचशी जाडी प्लास्टिकचीच असते.

केबलच्या जवळ स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर किंवा मोठा ट्रान्सफॉर्मर असेल आणि तो हलवता येत नसेल, तर स्टार क्वाड घ्या. तिच्यात चार तारा असतात, समोरासमोरच्या दोन-दोन एकत्र जोडायच्या. कॅनारे एल-४ई६एस आणि मोगामी २५३४ या त्यातल्या नावाजलेल्या. चुंबकीय हमिंग ती साध्या केबलपेक्षा बरंच जास्त कापते. तिची कपॅसिटन्स जास्त असते म्हणून काहीजण ‘वरचे सूर मरतात’ म्हणतात. मीटरला १५० पिकोफॅरड धरा, पाच मीटर केबल, सोर्सचा रोध २०० ओहम: कपात सुरू होते दहा लाख हर्ट्झच्या आसपास. आपल्या कानाची हद्द वीस हजार. घरात काळजीचं कारण नाही. पण खरं सांगायचं तर आधी स्टॅबिलायझर अँपपासून दीड-दोन हात लांब सरकवा. पुष्कळदा स्टार क्वाडची गरजच उरत नाही.

एक्सएलआर पिना न्यूट्रिकच्या घ्या किंवा त्यांच्याच स्वस्त रीनच्या. नकली माल खूप फिरतो. नकली पिनेची लॅच सैल असते आणि सोल्डर करताना आतलं प्लास्टिक वितळून पिना तिरक्या होतात. एक्सएलआरचा एक छुपा गुण असा की पिन १ चा संपर्क आधी होतो, त्यामुळे आरसीएसारखा ‘भर्रर्र’ निघत नाही. मॉनिटरच्या मागे मोठं जॅक असेल तर बाजारात पी-थर्टीएट स्टिरिओ मागा, मोनो नाही. मोनो पिन घातली की पिन ३ ची तार ग्राउंडला जाऊन टेकते आणि बॅलन्स्डचा सगळा खेळ तिथेच संपतो.

एका बाजूला आरसीए, दुसऱ्या बाजूला एक्सएलआर

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक तयार केबल इथेच चुकीच्या जोडलेल्या असतात. सोर्स आरसीए आणि मॉनिटर बॅलन्स्ड असेल, तर दोन तारांची शिल्ड केबलच वापरा. आरसीएची सुई जाते पिन २ ला, आरसीएचं कडं दुसऱ्या तारेने पिन ३ ला, आणि शिल्ड पिन १ ला. शिल्डचं दुसरं टोक आरसीएच्या कड्यालाच जोडायचं. असं केलं की ग्राउंडचा करंट शिल्डवरून जातो आणि पिन ३ ची तार स्वच्छ राहते. आरसीएचं टोक असूनही निम्म्याहून जास्त फायदा पदरात पडतो. तयार अ‍ॅडॅप्टरमध्ये पिन १ आणि ३ एक्सएलआरच्या टोकालाच एकत्र केलेल्या असतात, तिथे हा फायदा शून्य.

उलट बाजूला, म्हणजे बॅलन्स्ड आउटपुट आणि आरसीए इनपुट असेल, तर आधी यंत्राचं माहितीपत्रक बघा. साध्या आउटपुटमध्ये पिन ३ मोकळी सोडायची. ती ग्राउंडला टेकवली तर आतल्या चिपवर नाहक ताण येतो आणि आवाज फाटू शकतो. ट्रान्सफॉर्मर आउटपुटमध्ये मात्र पिन ३ ग्राउंडला जोडलीच पाहिजे, नाहीतर आवाजच येत नाही किंवा बारीक येतो.

दोन्ही टोकं खरी बॅलन्स्ड, केबल चांगली, तरी हमिंग? मग ‘पिन १ चा दोष’. काही यंत्रांत पिन १ बॉडीला न जोडता सरळ सर्किट बोर्डावर नेलेली असते, त्यामुळे शिल्डवरचा कचरा थेट आत शिरतो. ध्वनी अभियंता नील मन्सी यांनी १९९० च्या दशकात याकडे लक्ष वेधलं, आणि २००५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या (एईएस) एईएस-४८ या मानकाने पिन १ बॉडीलाच जोडायची असा नियम घातला. जुन्या यंत्राला उपाय एवढाच: शिल्ड सोर्सच्या टोकाला जोडलेली ठेवा, अँपच्या टोकाला पिन १ वरून सोडवा. अशा केबलवर लाल टेप गुंडाळून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी ती ‘तुटकी’ म्हणून फेकून देईल.

पिन २ गरम, म्हणजे सकारात्मक, हे १९९२ च्या एईएस-१४ पासून मानक आहे. त्याआधीच्या काही अमेरिकन आणि जपानी यंत्रांत पिन ३ गरम असायची. दोन्ही बाजू सारख्याच उलट्या असतील तर घरात फरक कळणार नाही. पण एकाच केबलमध्ये २ आणि ३ उलट लागल्या तर डावा-उजवा एकमेकांना खातात: गायक मधोमध न बसता खोलीभर पसरतो आणि तबल्याचा बायां गायब होतो. हमिंग घालवताना हा नवा रोग पुष्कळ जण लावून घेतात.

म्हणून साउंडवाल्याकडून केबल बनवून घेतलीत तर पैसे द्यायच्या आधी त्याच्याच टेबलावर मल्टिमीटर लावा. १ ला १, २ ला २, ३ ला ३ बीप वाजला पाहिजे आणि आपापसांत कुठेही वाजता कामा नये. मोजताना पिनेच्या मुळाशी केबल हलवत राहा. बीप अडखळला तर सोल्डर कच्चा आहे किंवा जाळीचा एखादा धागा पिन २ कडे डोकावतोय. कव्हर उघडून तो कापायला सांगा. केबलला घट्ट पकडणारा आतला चिमटा बसवलाय का तेही बघा, घाईत तो हमखास टेबलावरच राहतो. आणि हे काम उन्हाळ्यातच उरकून घ्या. गणपतीच्या आधीचा महिनाभर सोलापुरातला एकही साउंडवाला दोन मीटरच्या केबलसाठी सोल्डरिंग गन तापवणार नाही.